मिल्क बँकेबाहेरचं बाकडं

मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, लहान मुलांच्या विभागातल्या मिल्क बँकेबाहेर बसलो होतो. शेजारी वर्सोव्याची एक कोळीण आणि बाळाला दुसऱ्या आईचं दूध द्यायच्या संमतीचा फॉर्म हातात धरलेली ओली बाळंतीण.

"सही नाय केलीस अजून?"

"सासूबाई म्हणतात, दूध कोणाचं, कोणाला ठाऊक."

"वजन किती बाळाचं?"

"बाराशे ग्रॅम. मला दूधच येत नाहीये, मावशी."

"येईल गं. माझा नातू हजारचा होता. अठरा दिवस दुसरीचंच दूध प्यायला. आता घर डोक्यावर घेतो."

"कोणाचं, विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. तिला साडी न्यायची होती मला. सिस्टर म्हणाली, नाव सांगत नाही, पण तपासून, तापवून देतो."

"मग?"

"मग काय. आमची होडी लागली की ज्या घरातला माणूस दर्यावर जात नाय, तिथं एक वाटा जातो. कोणाच्या जाळ्यातली मासळी, कोण विचारतं? सुनेला म्हटलं, तुला आता भरपूर येतंय, चल. आत दूध द्यायला बसलीय, तिसरी खेप तिची."

"थांबा, सासूबाईंना फोन लावते."

"परत विचारायला?"

"नाही. सही केली म्हणून सांगायला."

"ओ दादा, एवढं ऐकताय, तर पेन द्या हिला."