नमुन्याची द्राक्षं

हसू नका, पण आठवडाभर मला झोप नव्हती. औषधाचा अंश जास्त निघाला तर आमची द्राक्षं परदेशी जाणार नव्हती, आणि फवारणीची वही लिहिते मी. घरात शिकलेली मीच, म्हणून चुकायचा मानही माझाच.

शेवटी लॅबचा माणूस येडगावला आला. बागेतून ठिकठिकाणचे घड तोडून त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली आणि सासऱ्यांबरोबर चहाला बसला. लेकीच्या तोंडात काहीही जायच्या आधी ते मिठाच्या पाण्यात तीनदा धुवायचं, ही माझी सवय. हात चालतच राहतात. मी ती द्राक्षं धुतली आणि ताटात मांडून त्याच्यापुढे ठेवली.

त्याचा कप हातातच राहिला. "वहिनी, हा नमुना होता. द्राक्षांवर काय राहिलंय, तेच तर तपासायचं असतं."

"आमी लबाडी न्हाई करत, भाऊ," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "ही लई धुती. परवा सोललेलं केळं धुतलं हिनं."

तो हसला म्हणून वाचले. पुन्हा बागेत जाऊन त्यानं नवे घड आणले, पिशवीला सील लावलं आणि ती मांडीवरच घेऊन बसला.

"पण भाऊ, पास होईल ना?" मी विचारलं.

"रिपोर्ट येईपर्यंत कुणालाच सांगता यायचं नाही, वहिनी."

"मला येतंय की," माझी पाच वर्षांची लेक म्हणाली. "मी रोज बागेत न धुताच खाते."