कमरवाल्या झाडाबद्दल

जबाब देणारीचे वय अडुसष्ट वर्षे. धंदा सध्या काही नाही, पूर्वी जंगलतोडीच्या कामावर तारेच्या दोरांची देखरेख. राहणार जुनी कामगार वसाहत, खोली क्रमांक अकरा. नाव ठाण्याच्या वहीत घेतले आहे, वस्तीत सर्वजण तारमावशी म्हणतात.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी पकडून आणलेलं नाही. निसर्ग शिक्षण उद्यानाच्या साहेबांनी आज सकाळी माझ्याविरुद्ध तक्रार दिली होती. ती त्यांनी दुपारी साडेतीन वाजता मागे घेतली आणि हवालदारांनी मला घरी जायला सांगितलं. मी गेले नाही. तक्रारीत लिहिलेलं सगळं मी केलेलं आहे. जे त्यात लिहिलेलं नाही, तेही मीच केलेलं आहे, आणि ते सांगायला बसले आहे. मावशी, मुद्द्याचं बोला, असं हवालदार आत्तापर्यंत दोनदा म्हणाले. मी मुद्द्याचंच बोलते, फक्त सुरुवातीपासून बोलते.

आज जिथे उद्यान आहे तिथे एकतीस वर्षांपूर्वीपर्यंत झाडं तोडायचं काम चालायचं. मधे खोल घळ आहे. घळीच्या एका काठाला विंच, म्हणजे दोर ओढायचं यंत्र होतं आणि पलीकडच्या काठावर मोठी झाडं. त्यातल्या एका दणकट झाडाला आम्ही खांब म्हणायचो. खांबाच्या बुंध्याला, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, तारेच्या दोराचे तीन वेढे घालून फास आवळायचा, त्या फासात मुख्य दोर अडकवायचा आणि घळीवरून ओंडके इकडे ओढायचे. फास काचू नये म्हणून खाली लाकडी पट्ट्या घालतात, आणि काम संपलं की फास काढतात. काढला नाही तर झाड वाढतं आणि फास गिळून टाकतं. दोर तपासणं, ग्रीस लावणं, फास घालून घेणं आणि काढून घेणं, हे माझं काम होतं. एकोणीस वर्षं केलं. माझ्या हाताखालचा एकही दोर कधी तुटला नाही. विंचवाले पुरुष आधी हसायचे, मग मला विचारल्याशिवाय हँडलला हात लावेनासे झाले. माझे यजमान त्याच कामावर कुऱ्हाड चालवायचे.

आज माझ्या नातीच्या शाळेची तिथे सहल होती. नात नऊ वर्षांची आहे, घरात तिला मिरची म्हणतो, कोणावर गेली आहे ते वेगळं सांगायला नको. शाळेने सोबत दोन मोठी माणसं मागितली होती. सुनेला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले. बावीस मुलं, एक वर्गशिक्षिका, एक दुसऱ्या मुलाचे वडील आणि मी. नऊ चाळीसला बस फाटकाशी पोचली. एकतीस वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. झाडं चांगली वाढली आहेत हे मान्य करते.

आधी आम्हाला आमच्याच जुन्या शेडमध्ये नेलं. तिथे आता काचेची कपाटं आहेत. पहिल्याच कपाटात माझ्या यजमानांची कुऱ्हाड होती. मी लगेच ओळखली. त्यांचा उजवा अंगठा अर्धा तुटलेला होता, म्हणून दांड्यावर अंगठ्यासाठी त्यांनी स्वतः खाच कोरून घेतली होती. खाली पाटी होती, जुन्या काळातील अज्ञात लाकूडतोड्याची कुऱ्हाड, हात लावू नये. दांड्याला वार्निश फासलं होतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला कोणी वार्निश लावतं का? हात घसरतो. मी हे तिथल्या हिरव्या टोपीच्या मार्गदर्शकांना सांगितलं. ते म्हणाले, आजी, आता ती कोणी वापरणार नाही. यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली.

साधारण साडेदहाला आम्ही घळीवरच्या रस्त्याने पलीकडच्या काठावर गेलो. तिथून इकडच्या काठापर्यंत मुलांसाठी दोरांचा झुलता पूल बांधला आहे. पुलाचं पलीकडचं टोक एका जाड झाडाला बांधलं आहे. ते झाड कमरेत बारीक, आणि त्याच्यावर हा एवढा फुगवटा. पुलाचा पट्टा त्या फुगवट्यावरच बसवला होता, म्हणजे खाली सरकणार नाही. बाजूला पाटी, निसर्गाचा चमत्कार, कमरवालं झाड. मार्गदर्शक मुलांना सांगत होते की काही झाडांना जन्मतःच अशी कमर असते. मुलं आपापल्या कमरेला हात लावून हसत होती.

मी झाडाकडे नीट बघितलं. शेंडा वाळलेला होता. बुंध्याशी अळंबी उगवली होती. मी बुटाच्या टाचेने बुंध्यावर लाथ मारली तर आवाज भद्द आला. निरोगी झाड असा आवाज देत नाही. मी मार्गदर्शकांना बाजूला घेऊन सांगितलं की हा आमचा खांब आहे, याच्या पोटात तारेचा फास आहे, आतून कुजलंय, पुलावर मुलांना सोडू नका. ते समजुतीने हसले. म्हणाले, तीस वर्षांत झाड किती वाढतं आजी, तुम्ही तेव्हा बांधलेलं आता पार वर आभाळात गेलं असेल. निसर्ग शिक्षण देणारा माणूस हे बोलतो! झाड वाढतं ते शेंड्याकडे. बुंध्यात ठोकलेला खिळा शंभर वर्षांनी बघा, जिथल्या तिथेच असतो. मी हे त्यांना जरा मोठ्याने सांगितलं. त्यांचं म्हणणं पडलं की इंजिनिअरने पूल तपासलेला आहे, एका वेळी बारा मुलांना परवानगी आहे. पहिल्या बारा मुलांच्या कंबरेला पट्टे बांधून झाले होते. रांगेत सगळ्यात पुढे आमची मिरची होती.

मी पुलाच्या पायरीवर फतकल मारून बसले. हे तक्रारीत आहे आणि खरं आहे. मार्गदर्शकांनी दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला तेव्हा मी त्यांचा हात झटकला, त्यात त्यांची टोपी घळीत पडली. टोपी मी भरून देईन. मिरची लाजेने लाल झाली होती. आज्जी, सगळे बघतायत, असं कानात म्हणाली. मी तिला म्हटलं, बघू देत.

नुसतं बसून किती वेळ भागणार, साहेब आले की मला उचलून बाजूला ठेवतील, हे मला कळत होतं. दाखवल्याशिवाय कोणी ऐकणार नव्हतं. म्हणून मी मिरचीला माझ्या जागी बसवलं आणि सांगितलं, मी येईपर्यंत उठायचं नाही, कोणी उठवलं तर चाव. वर्गशिक्षिकांना सांगितलं की माझ्यावर विश्वास नसला तर नसू दे, पण दहा मिनिटं थांबा. त्या थांबल्या, त्यांचे उपकार आहेत. मी शेडमध्ये गेले, पदर हाताला गुंडाळला, दगडाने काच फोडली आणि कुऱ्हाड घेतली. चोरी म्हणून घेतली नाही. आमची वस्तू होती आणि तिचं काम निघालं होतं.

झाडावर मी आठ घाव घातले. वार्निशमुळे दोनदा हात घसरला. मुलं रडली हे तक्रारीत लिहिलं आहे. दोनच रडली, बाकीची मोजत होती. सातव्या घावाला लोखंडाचा आवाज आला. आठव्याला सालीचा ढलपा निघाला आणि आत गंजलेल्या तारा दिसल्या. मी बोटाने खरवडलं. दोराचं टोक मी नेहमी पितळेच्या तारेने बांधायची, कारण पितळ गंजत नाही. बाकी सगळे लोखंडी तार वापरायचे. ती पितळेची तार आत होती, अजून चकाकत होती.

तेवढ्यात उद्यानाचे साहेब आले. माणूस वाईट नाही, पण घाबरलेला होता. म्हणाले, एखादी तार असेल अडकलेली, फास नाही. मग त्यांनी मोबाइलवर जुन्या रजिस्टरचा फोटो दाखवला. पूल बांधायच्या आधी त्यांनी कामाची जुनी दप्तरं काढून मुद्दाम बघितली होती. शेवटच्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं, झाडांवरील फास चार नग काढून जमा. त्या नोंदीवर विसंबून इंजिनिअरने कमर नैसर्गिक धरली होती. साहेब म्हणाले, हे बघा, चारही जमा आहेत. मी म्हटलं, ते चुकीचं आहे. ते म्हणाले, तुम्हाला काय माहीत? मी खाली पडलेला ढलपा उचलून बाजूला ठेवला.

साहेबांनी पोलिसांना फोन केला, आणि मला खोटं पाडायला पुलावर वजन टाकून बघायचं ठरवलं. याबद्दल मी त्यांचं कौतुक करते. मुलांना बसमध्ये बसवलं. सव्वा वाजता, हेच हवालदार हजर असताना, माळ्यांनी पुलाच्या मधोमध वाळूची पोती ओढून न्यायला सुरुवात केली. एक मूल, एक पोतं, असा हिशोब. माणसं बाहेर काठावरच होती, पोती दोरीने ओढत होती. आठ पोत्यांपर्यंत काही झालं नाही आणि साहेब माझ्याकडे बघून मान हलवू लागले. नववं पोतं मधे पोचलं आणि झाड कमरेत मोडलं. पूल, पोती आणि पाटी सगळं घळीत गेलं. मी बसच्या खिडकीत मिरची दिसते का ते बघत होते. दिसली.

मग सगळं उलटं झालं. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, तक्रार मागे घेतो म्हणाले. शेडमध्ये तुमच्या नावाची पाटी लावतो म्हणाले. वर्गशिक्षिका माझा हात सोडेनात. हिरव्या टोपीवाले, आता बिनटोपीचे, माझ्या पाया पडायला वाकले. आणि जो तो त्या रजिस्टरबद्दल बोलू लागला. कोण आळशी माणूस असेल, असं लिहिताना त्याला काही वाटलं नसेल का, म्हणून. मिरचीने माझा हात धरून विचारलं, "आज्जी, तो माणूस किती वाईट असेल ना?" मी हो म्हटलं. मला गप्प बसायची सवय नाही, पण तिथे मी गप्प बसले. हे मला सहन झालं नाही, म्हणून मी इथे आले आहे.

रजिस्टरातलं अक्षर माझं आहे. काम बंद झालं त्या दिवशी दुपारी हुकूम आला की चार वाजता ट्रक निघतील, राहील तो चालत येईल. इकडच्या काठावरच्या झाडांचे तीन फास निघाले. चौथा पलीकडच्या काठावरच्या खांबाचा होता, त्याला आवळून धरणाऱ्या लोखंडी क्लिपा गंजून घट्ट बसल्या होत्या. त्यातून मुख्य दोर सोडवला, फास तसाच राहिला. यजमानांचा गुडघा सुजलेला होता, तरी कुऱ्हाड घेऊन निघाले, क्लिपा तोडून फास काढून येतो म्हणाले. चालत यावं लागलं असतं तर त्यांचा गुडघा कायमचा गेला असता. मी त्यांच्या हातातून कुऱ्हाड काढून शेडच्या भिंतीला टेकवली. म्हटलं, "राहू दे. इथे आता कोण येणार आहे?" आणि वहीत चार लिहिलं. मुकादमाने न बघता सही केली, कारण वही माझी होती.

यजमान पुढे वीस वर्षं जगले. अधूनमधून म्हणायचे, त्या झाडाचा गळा सोडवायचा राहिला गं. मी म्हणायची, झाडाचं काय घेऊन बसलात. त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर भांडून मोकळी झाले असते.

काच आणि टोपी माझ्याकडून भरून घ्यावी. खोट्या नोंदीबद्दल जी काय कारवाई असेल ती करावी, वयाची सवलत नको. कुऱ्हाड मुद्देमाल म्हणून जमा केली आहे, तिच्या पावतीवर मालक अज्ञात असं लिहिलं होतं, ते खोडून यजमानांचं नाव घालून घेतलं आहे. उद्यानाने पाटीही तशीच बदलावी. दांड्याचं वार्निश काढावं.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना दार उघडं ठेवायला मी सांगितलं होतं. बाहेर बाकावर माझी नात बसली आहे, तिला सगळं ऐकू गेलं. हवालदारांनी माझ्यावर दया येऊन "नजरचुकीने चार लिहिले" असं घातलं होतं. त्यातला नजरचुकीने हा शब्द मी खोडायला लावला. बाकी मी सांगितलं तसंच आहे, बरोबर आहे. खाली सही माझी आहे, रजिस्टरातल्या अक्षराशी ताडून बघावी.