दहा मिनिटांचं पान

रंभाबाई : चहा ऱ्हाऊ दे. आदी हे बघ. दुर्गे, सोड गाठ.

(दुर्गा फडक्याची गाठ सोडते आणि ज्वारी टेबलावर ओतते.)

अभिमन्यू : अगं आत्या, कीबोर्डवर नको! आणि वास कसला येतोय?

रंभाबाई : बुरशीचा. बियाण्याची ज्वारी हाय ही दुर्गाची. ह्यातलं शंभर दाणं वल्या फडक्यात बांधून ठिवलं हुतं. किती उगावलं, सांग गं.

दुर्गा : चार.

रंभाबाई : चार! आन् पेरा तोंडावर आलाय.

अभिमन्यू : वाईट झालं. पण त्यासाठी वळसंगहून दोघी एसटीनं माझ्याकडं? मी काय शेतीखात्यात आहे?

रंभाबाई : तू न्हाईस. पर तू इंटरनेटवर काढलेल्या त्या पानावर लिवलंय बी कसं राखावं. वर माझा फोटू, खाली माझं नाव. वाच दुर्गे, वहीत उतरून आणलंयस ते.

दुर्गा : "कापणी झाल्यावर... बियाणे ताबडतोब... हवाबंद डब्यात भरावे. त्यामुळे... त्याचा ताजेपणा टिकतो."

रंभाबाई : ताजेपणा! बी हाय का मेथीची पेंडी हाय? आरं, बियाला चार उन्हं द्यावी लागतात. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पायजे. मग राख, मग कडुलिंबाचा पाला, मग कणगी. मी हे लिवलं हुतं. चार दिवस, ह्याच खुर्चीत बसून, एकेक अक्षर हुडकून. तवा तू काय म्हणत हुतास? "आत्या, तू माझी नवशिकी. तुला जमलं म्हंजी कुणालाबी जमतंय." मग माझं लिवलेलं गेलं कुटं?

अभिमन्यू : उडालं.

रंभाबाई : पाखरू हाय काय उडायला?

अभिमन्यू : तू सेव्ह केलं नव्हतंस, आत्या. चार दिवस मी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला होता तुझ्यासाठी. तू एसटीला गेलीस आणि लाईट गेली. परत आली तेव्हा पान कोरं.

रंभाबाई : पाटीवर लिवल्यावर पाटीला सांगावं लागतंय व्हय, ठिव म्हणून?

अभिमन्यू : याला सांगावं लागतं. पानं बनवायचे बाकीचे वेबसाइट-बिल्डर आहेत, त्यांच्यात आपोआप राहतं, या फुकटवाल्यात नाही.

रंभाबाई : मग हे लिवलंस का तुझ्या लेखात?

अभिमन्यू : काय?

रंभाबाई : ह्यात लिवलेलं ऱ्हात न्हाय म्हणून. लोकं तुझा लेख वाचून ठरवतात की, कुटं पान काढायचं. हे सांगितलंस का त्यांस्नी?

अभिमन्यू : जागा नव्हती.

रंभाबाई : जागा नव्हती म्हणं!

अभिमन्यू : आत्या, ऐक ना. कॉलेजातली लॅब सांभाळून मी हे लेख लिहितो. नवशिक्यांना आणि ब्लॉग लिहिणाऱ्यांना सगळ्यात सोपं काय, म्हणून पाच बिल्डर तपासायचे कबूल केले होते. शुक्रवारी लेख टाकायचा, हा पाचवा राहिला होता. त्यात एक बटण आहे. विषय टाकला की मजकूर आपोआप भरतो. दाबलं. भरलं.

रंभाबाई : आन् नाव माझंच ठिवलंस.

अभिमन्यू : पान तुझ्या नावानं काढलं होतं.

रंभाबाई : सा महिनं झालं. एकदा फोन करून सांगायला तोंड नव्हतं?

अभिमन्यू : कसं सांगू? तू साक्षरता वर्गातल्या सगळ्या बायांना फोटो दाखवत होतीस. पेढे वाटलेस. मला वाटलं, बी राखायचं कोण वाचतंय त्यावर.

दुर्गा : मी वाचलं.

रंभाबाई : ऐकलंस? आता त्याचा लेख वाच, दुर्गे. वहीच्या मागल्या पानावर हाय.

दुर्गा : ते नगं, अक्का.

रंभाबाई : वाच म्हणते न्हवं.

दुर्गा : "माझ्या... अडाणी आत्यानेसुद्धा... दहा मिनिटांत... स्वतःचे पान तयार केले. पाचपैकी पाच."

रंभाबाई : अडाणी! साठाव्या वर्षी पाटी घिऊन शाळेच्या व्हरांड्यात बसले मी. पोरं खिडकीतनं हसायची. तरी बसले. आन् दहा मिनिटं? आरं, दहा मिनिटांत माझा चष्मा सापडत न्हाय!

अभिमन्यू : लोक असंच वाचतात, आत्या. चार दिवस लागले असं लिहिलं तर कोण घेईल ते?

रंभाबाई : ज्याच्याकडं चार दिवस हायत तो घील. तू कशाला त्याचे दिवस चोरतोस?

अभिमन्यू : सगळं माझ्याच माथी मारा! या मावशी तुझ्या घराशेजारी राहतात. जन्म शेतात गेला त्यांचा. असलं काही वाचल्यावर तुला एका शब्दानं विचारायचं नाही?

दुर्गा : बी सासू राखायची, दादा. मला हात लावू दिला न्हाय कधी. गेल्या दिवाळीत ती गेली. म्हणून मी इचाराय गेले हुते की अक्काला.

अभिमन्यू : मग?

दुर्गा : अक्का, सांगू?

रंभाबाई : सांग.

दुर्गा : अक्का म्हणल्या, "तोंडी कशाला इचारतीस? मी लिवून ठिवलंय. तुला आता वाचता येतंय न्हवं? जा, वाच."

रंभाबाई : व्हय. असंच म्हणले मी. लई तोऱ्यात म्हणले.

दुर्गा : मग पोरीच्या फोनवर वाचलं. उन्हाचं काय नव्हतं त्यात. वाटलं, ऊन द्यायची रीत आता जुनी झाली आसंल. अक्काचा फोटू हुता वर. वाचून केलेलं पयलंच काम माझं, दादा.

अभिमन्यू : मी ते पान काढून टाकतो. आत्ता. एक मिनिट लागतं.

रंभाबाई : हात लावू नगंस! काढलंस की काय झालंच न्हाय. जितं खोटं वाचलं तितंच खरं वाचाय मिळालं पायजे. सरक.

अभिमन्यू : तू सांग, मी टाइप करतो.

रंभाबाई : मागल्या बारीला तूच केलंस. सरक. आन् घड्याळ बघून ठिव. जेवढा येळ लागंल तेवढा तुझ्या लेखात घाल. अडाणी खोड. लिवलेलं ऱ्हात न्हाय तेबी घाल.

अभिमन्यू : एवढं घातलं तर पाचपैकी दोनच देता येतील.

रंभाबाई : दोन त्याला दी. तुला किती द्यायचे ते मी बघते. दुर्गे, माझ्या कणगीतलं निम्मं बी तुझं.

दुर्गा : पेरीन की. पर सासूचं ते सासूचं हुतं, अक्का. दाणा बारका, भाकरीला गोड.

रंभाबाई : ती चार उगावलेली टाकलीस व्हय?

दुर्गा : न्हाय. परसात न्हाणीच्या पाण्याला लावलीत. चिमण्या खाऊ नयेत म्हणून वर टोपली घालते.

रंभाबाई : चार कणसं आली तरी लई. जप त्यांस्नी. अभ्या, 'ऊन' कुटं हाय ह्यात? ऊ सापडंना.

अभिमन्यू : तिकडं, वरच्या ओळीत. दाखवू?

रंभाबाई : बोट दाखव. दाबू नगंस.

(बराच वेळ जातो. रंभाबाई अजून टाइप करतेय.)

अभिमन्यू : आत्या, अडीच तास झाले. हा तिसरा चहा.

रंभाबाई : लिव, अडीच तास. वळी किती झाल्या?

अभिमन्यू : सात. आणि सेव्ह चाळीस वेळा दाबलंयस.

रंभाबाई : चाळीस तर चाळीस. आता लोकांस्नी दिसाय कुटलं दाबू?

अभिमन्यू : हे निळं.

रंभाबाई : थांब. दुर्गे, ये हिकडं. आदी तू वाच. तुला कळलं तर दाबीन.

दुर्गा : "हितं आदी जे हुतं... ते मी लिवलं नव्हतं. पर दुर्गाला... ते वाचाय... मीच धाडलं." अक्का, ही वळ ठिवायची?

रंभाबाई : ऱ्हाऊ दे ती. म्होरं वाच, उन्हाचं.