रांगेतला सातवा

हलू नको म्हटलं ना! मान वर नको करू, रक्त घशात जाईन — खाली कर, पडू दे फरशीवर. नाक मोडलं तुह्यं, बाकी काही नाई. माह्यं तीनदा मोडलं आखाड्यात, मेलो का मी? आता उजवा हात टेबलावर ठेव. ठेव गा! वामनराव शेठचा निरोप आहे — तो जीपनं येईपर्यंत बोटं मोडलेली पाहिजेत, म्हणजे पोरगा पुन्हा आकडे लिहिणार नाई. लेआउट त्याचा, ऑफिस त्याचं, हुकूम त्याचा. मी नत्थू पैलवान, माह्यं काम मोडायचं. शोभाताईचा पोरगा नसता तू, तं आतापर्यंत झालंही असतं — तुह्या मायनं मले सही शिकवली, तेच आडवं येऊन राहिलं.

काहून केलं गा तू हे? लंडनले शिकला, वापस आला, नोकरी कर, लगन कर — तं म्हणे नंदनवन लेआउटातल्या लोकायले भाव समजावतो! आज सकाळी भर मैदानात उभं केलं आमाले. ज्यानं प्लॉटचे कमी देल्ले तो इकडे, जास्त देल्ले तो तिकडे. अडीच हजारवाले, तीनवाले, साडेतीनवाला. कोपऱ्यावरचे दोन प्लॉट वीस-वीस हजाराचे, त्यायचे मालक आले नाईत, तं त्यायच्या जागी दोन विटा ठेवल्या. अन् मधातल्या लहानूले खांदे धरून पुढे आणलं — हा खरा भाव, याच्या इकडे चार, तिकडे चार, तीन हजार! मग शेठच्या पाटीवर सरासरी सात हजार लिहिलं ते काय खोटं? नाई, तूच म्हणतो हिशेब बरोबर आहे, पण दोन विटायनं वर ओढला. ओढला तं ओढला! तुह्या बापाचं काय गेलं?

अन् मी कोठी होतो? सातवा. विटायच्या बाजूले. सहा हजार देल्ले मी. ते कौसल्या पदर तोंडाले लावून म्हणते, पैलवान, तुम्ही तं विटायच्या पंगतीत बसले! सारं मैदान हासलं — लहानू हासला, ज्याच्या कानाखाली मी दोनदा वाजवली तो लहानू! म्हणून मारलं तुले. शेठचा निरोप मागून आला.

सहा हजार कसे जमवले, माहीत आहे तुले? शेठ माह्या कमाईतून कापे. बळीरामची झोपडी उठवाची होती, त्याचं दार मी चौकटीसकट उपटलं — त्याचे पैसे प्लॉटात. बाबारावचा हात मुरगळला. म्हातारा ओरडला नाई, निसता पाहत राहिला माह्याकडे, अन् हाड वाजलं — तेही प्लॉटात. माह्या बायकोनं, अंजनाबाईनं, गळ्यातली पोत विकली. तिले मी सांगो, बाकीच्यायले सात हजार सरासरी पडलं, आपल्याले सहात, शेठचा माणूस म्हणून. साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली ते.

हसतो काहून? वीस हजार खरंच कोणी देल्ले का म्हणतो? हट्! एक प्लॉट शेठच्या साळ्याचा, एक मुनीमाचा. थैली एकच गा! साळ्यानं रजिस्टरीच्या ऑफिसात शेठले देल्ली, शेठनं बाहेर येऊन मुनीमाले, मुनीमानं आत जाऊन पुन्हा शेठले. मीच धरून होतो थैली. साक्षीदार म्हणून सही माहीच. काय हासलो आम्ही त्या दिवशी! शेठनं च्या पाजला, म्हणे, नत्थू, आता पाह्य सरासरी कशी चढते ते — आता जे गिऱ्हाईक येईन —

जे गिऱ्हाईक येईन.

थांब. बोलू नको. त्याच्यानंतर लेआउटात प्लॉट घेतला कोणी? लहानूचा जुना. कौसल्येचा जुना. त्या साळ्या-मुनीमाच्या मागून — मीच ना? मीच एकटा. तुह्या त्या विटा काढ. मलेही काढ. आता सरासरी सांग, मधला नको, सरासरीच सांग. बोटानं दाखव.

तीन?

पुन्हा दाखव. तीनपेक्षाही जरा कमीच?

म्हणजे माह्याकडून दुप्पट घेतले शेठनं.

घे. हात खाली घे. लपेट त्याले.

कोर्टात साक्ष? मी? कोर्टात तू जा गा, तुले इंग्रजी येते. मी सांगू काय तिथं, थैली मीच धरली होती? अन् बळीरामचं दार, म्हाताऱ्याचं हाड, हे कोणत्या कोर्टात वापस देतात? न्याय, न्याय — त्या पुस्तकातला न्याय मले नको शिकवू! मले एकच काम येते. सोड. दंड सोड माहा, नाई तं तुह्याच अंगावर निघीन हे. सकाळी तूच उभं केलं ना रांगेत? मग आता काहून अडवतो?

हॉर्न. आली शेठची जीप.

नीघ. मायले सांग, पायरीवरून पडलो. अबे, नीघ म्हटलं ना! — अन् दार बाहेरून ओढून घे.