सुपडू कोरीटकरचं शेवटचं गाणं

...नाही, पण मी म्हणतो, बॅनर काढायला चढलेल्या माणसाला शिव्या घालायच्या? बॅनर त्याचा, फोटो त्याचा, आणि शिव्या त्यालाच? तुम्हाला सांगतो, माणूस जिवंत आहे! आपला सुपडू हो, सुपडू कोरीटकर, 'पपईना मळामा'वाला. दहा-बारा वर्षांपूर्वी शहादा-नंदुरबारकडे त्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नव्हती, आणि कॅसिओवर कोण? मी, नवनीत. माझं नाव कोणाला ठाऊक नाही, ते आता बरंच झालं म्हणायचं.

तर लोक सुपडूला विसरले. डीजेवर आवाज त्याचा, आणि मांडवाच्या दारातला माणूस त्यालाच विचारतो, "काका, तुम्ही नवरदेवकडना का नवरीकडना?" हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानं नवं गाणं बांधलं, नाचायचंच, पण आत काटा ठेवून... 'जित्ता व्हतू तवय चहा नही, मरी गऊ तवय हार, मी जित्ता शे, मी जित्ता शे!' म्हणजे काय, की तुम्हा लोकांना कलाकार मेल्यावरच आवडतो. खोटं आहे का सांगा?

लोणखेड्याच्या चुनीलालशेठनं व्हिडिओ काढायला घेतला. व्हिडिओसाठी चौकात बॅनर लावला, सुपडूचा हसरा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शूटिंग आटोपलं, सगळे भजी खायला गेलो, बॅनर तिथंच. तेवढ्यात कोणीतरी त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकला... झालं! आम्ही भजी खाऊन हात पुसतोय, तोवर सुपडू अख्ख्या जिल्ह्यात वारलेला.

तो स्वतः शिडी घेऊन धावला. खालून एक म्हातारा ओरडतो, "ए, उतर खाले! तेरावं-गंधमुक्ती होवाना पहिले बॅनर काढस? लाज शे का नही?" सुपडू वरून म्हणतो, "बाबा, मी जित्ता शे." म्हातारा म्हणतो, "तू शे रे. जो मरी गया तेनं बोल." सुपडू उतरला खाली.

त्याच्या घरी आलो तर दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, माणसं आलेली. त्याची बायको मंगलाबाई घसा फोडून सांगतेय, "मन्हा घरवाला मांगे जेवी ऱ्हायना!" तर बायका तिला पोटाशी धरून आणखीच रडतात, "धक्का बसना वं तिले!" आणि मागच्या खोलीत सुपडू खरंच जेवतोय, मी शेजारी. बाहेरून ऐकू येतंय, देवमाणूस व्हता... काय गळा व्हता... त्याच्या हातातला घास हातातच राहिला. मला हळूच विचारतो, "नवनीत, ह्या लोके कोनबद्दल बोली ऱ्हायनात?" जन्मात त्याच्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं हो. डोळे भरून आले त्याचे. तुम्हाला सांगतो, माणूस जिवंत आहे, पण त्या वेळी माझ्याच अंगावर काटा आला.

शेवटी उठला, हात धुतले, बाहेर जाऊन हात जोडून उभा राहिला. "मी जित्ता शे," म्हणाला.  तर शेजारची रंजनाबाई पदरानं नाक पुसत म्हणते, "हाऊ धाकला भाऊ का? तोंड तेच शे, पन आवाजमा ती गोडी नही."

आणि इकडे चुनीलालशेठनं गाणं यूट्यूबवर सोडलं. वर मोठ्या अक्षरात काय, तर 'सुपडू कोरीटकरचं शेवटचं गाणं'. असं चाललं, असं चाललं... पडद्यावर हा नाचत ओरडतोय 'मी जित्ता शे', आणि खाली लोक लिहितायत 'अमर रहे'. सुपडू भांडायला गेला. शेठनं त्याला चहा पाजला, आणि म्हणाला, "घरमा ऱ्हाय भाऊ. तू दिसना का गानं मरी जाई."

तेव्हापासून तो तोंडाला रुमाल बांधून शेताशेतानं फिरतो. कुठल्या तरी गावाच्या हळदीतून त्याचाच आवाज येतो, 'मी जित्ता शे'... तर हा कोणी हाक मारल्यासारखा थांबतो, आणि हळूच म्हणतो, "हो." मी पाहिलंय. परवा त्याचा फोन आला, मोबाईलवर नाव, त्याच बॅनरवरचा हसरा फोटो... आणि मी उचलला नाही. मी, त्याच्या शेजारी बसून भजी खाल्लेला मी!

काल लोणखेड्याला वरात होती, मी कॅसिओवर. तेच गाणं. सगळी वरात हात वर करून बोंबलतेय, मी जित्ता शे, मी जित्ता शे, आणि डीजेच्या गाडीमागं रुमाल बांधलेला एक माणूस नुसता उभा. एका पोरानं त्याला ओढलं, "काका, नाचा ना. तेना आत्माले शांती भेटी."

नाचला. डोळे मिटून, दोन्ही हात वर करून असा नाचला, की पोरं बाजूला सरली. गाणं संपलं तसा गेला निघून, एकटाच. तो पोरगा त्याच्या पाठीकडं बघत म्हणतो, "काकानं लई प्रेम व्हतं वाटस तेनावर."

तर तुम्हाला सांगतो, माणूस जिवंत आहे... पण बाहेर कोणाकडं बोलू नका. लगीनसराई अजून संपायची आहे.