फुकटचा जानोसा

तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? कोरोनाच्या वर्षी शेजारच्या शंकरकाकांनी मुलीच्या लग्नात वऱ्हाडाच्या जानोशासाठी आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या घरच्या, मी भाड्याने देतो त्या दोन खोल्या बुक केल्या. तेही होमस्टेच्या ॲपवरून, कारण तिथे सूट मिळत होती. त्या भरवशावर मी हप्त्याने कूलर आणला. लॉकडाऊन लागला, काकांनी ॲपच्या कंपनीला फोन लावला आणि कंपनीने मला न विचारता त्यांना सगळे पैसे परत केले.

पुढे लग्न घरातल्या घरात ठरलं, तर काका आमच्या दारात.

"बेटा, पाच-सहा पाहुणे येताहेत. खोल्या रिकाम्याच पडल्यात ना? शेजाऱ्याकडून काय भाडं घेतो रे!"

मी कुणाला उलटून बोलत नाही, पण तोंडातून निघालंच, "काका, पैसे कंपनीकडून घेतले ना? मग जानोसाही तिलाच मागा."