न पोचलेले साहेब

आपेनिसा : सिस्टर वासिती, तुम्हाला निलंबित करण्यात आलं आहे. या क्षणापासून दवाखान्यातल्या एकाही सुईला हात लावायचा नाही. संपला विषय.

वासिती : बरं. सेवुसेवु झालं का साहेब?

आपेनिसा : आं?

वासिती : बोटीतून उतरलात ते थेट माझ्या दारात. गावप्रमुखांपुढे यांगोनाची मुळी ठेवून ‘आलोय, येऊ का?’ असं विचारलंत का?

आपेनिसा : ते मासे धरायला गेलेत. घरी कोणीच नव्हतं.

वासिती : मग तुम्ही अजून आलेलाच नाहीत. आणि न आलेला माणूस कोणाला निलंबित कसा करणार? मी काही ऐकलेलं नाही. वाइसाकेभाऊ, तुम्ही ऐकलंत?

वाइसाके : कोण बोललं का? आपल्याला तर इथं कोणी दिसत नाही.

आपेनिसा : हा कोण?

वाइसाके : ते शेजारचं दुकान आपलं. बेटाचा बोलायचा रेडिओपण आपल्याच दुकानात.

आपेनिसा : म्हणजे ‘ऐकलं’ म्हणणारा तूच! सिस्टर, सोमवारी सकाळी मुख्यालय रेडिओवर उपचारातले नवे बदल वाचून दाखवतं. मग एकेका बेटाचं नाव पुकारतात आणि तिथल्या सिस्टरने स्वतः ‘ऐकलं’ म्हणायचं. तुमच्या बेटावरून बाप्याचा आवाज आला. मागे कोंबडी ओरडत होती.

वाइसाके : सिस्टर बाळंतपणात होत्या. बेटाची गैरहजेरी लागली असती. आपल्या बेटाला काही इज्जत आहे की नाही?

आपेनिसा : त्यामुळे नियमाप्रमाणे या बेटावर बदल कळवलेला एकच माणूस आहे. हा. सिस्टरना कळवलेलं नाही.

वासिती : मला पाठ आहे तो बदल. सांध्यांच्या तापाच्या मुलांना दर महिन्याला जी सुई देतो, तिची पावडर नुसत्या पाण्यात न कालवता सुन्न करणाऱ्या औषधात कालवायची, म्हणजे दुखतं कमी. भाऊंनी सांगितलं, त्यावर मी विसंबले नाही. संध्याकाळी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना रेडिओवर विचारलं. मात्रा दोनदा म्हणून घेतली.

आपेनिसा : संध्याकाळी रेडिओवर होतात त्या गप्पा. सूचना सकाळी होतात.

वासिती : अहो, सकाळी बदल वाचणारे डॉक्टर तेच होते!

आपेनिसा : डॉक्टर तेच, वेळ चुकीची. तुम्हाला माहीत आहे हो, पण कळवलेलं नाही. आणि न कळवलेला बदल तुम्ही दोन मुलांवर करून मोकळ्या झालात.

वासिती : पाच.

आपेनिसा : हे मी ऐकलं नाही.

वासिती : कसं ऐकाल? आलाच नाहीत. आज सहावी यायचीय. लाइसानी.

आपेनिसा : हे बघा, मीही माणूस आहे. तिला जुन्या पद्धतीने द्या, निलंबन मी खिशातच ठेवतो. चहा पिऊन परत जातो.

वासिती : जुन्या पद्धतीची सुई म्हणजे कुल्ल्यात निखारा. मागच्या खेपेला ही पोरगी नीरफणसाच्या झाडावर जाऊन बसली, ती सुई बुडवूनच खाली उतरली. अकरा वर्षांची आहे साहेब. आधी नुसता घसा दुखला, मग ताप सांध्यांत गेला, आणि तिथून हृदयाच्या झडपेत. सुया चुकत गेल्या तर ताप फिरून येईल, आणि दर वेळी झडपेचा एक घास घेऊन जाईल. तिला मी शब्द दिलाय, आज कमी दुखेल. म्हणून येतेय. आपल्या पायांनी.

आपेनिसा : मग नियमच पाळू. बदल ज्याला कळवलाय, त्यानेच सुई द्यावी. चल रे.

वाइसाके : कोण, आपण? साहेब, आपण मासा कापतानापण डोळे मिटतो.

आपेनिसा : ठीक आहे. तर मग मी आधी रीतसर येतो आणि मग रीतसर निलंबित करतो. दे यांगोनाची एक जुडी.

वाइसाके : संपली.

आपेनिसा : दारातून दिसतंय तुझं दुकान! छताला लटकलंय ते काय आहे?

वाइसाके : ते होय? ते शोभेला.

आपेनिसा : मी सरकारी अधिकारी आहे!

वाइसाके : असाल की. आल्यावर बघू.

(किनाऱ्यावर शंख वाजतो.)

आपेनिसा : आली प्रमुखांची होडी! आता बघाच, मी हा गेलो आणि—

वासिती : रिकाम्या हातांनी? जा. तुमच्या आईच्या कानावर गेलं, तर ती तुम्हाला निलंबित करेल.

लाइसानी : सिस्टर, आले मी. हे कोण?

वासिती : कोणी नाही. अजून यायचेत.

लाइसानी : मग बघतायत कसे?

वासिती : तू नको बघू त्यांच्याकडे. हो पालथी.

लाइसानी : नसले तरी तोंड तिकडे करायला सांगा त्यांना.

आपेनिसा : …केलं. सिस्टर, भिंतीकडे तोंड करून शेवटचं सांगतो. ही सुई दिलीत तर नोकरी जाईल. थट्टा नाही.

वासिती : नोकरी जायची तर बोटीने जाईल, आणि पुढची बोट महिन्याने. हिची झडप कुठल्या बोटीची वाट बघत नाही. मला कळवलं नसेल, पण मला कळतं, साहेब. वीस गावांत विचारा. आणि भीती घालायची असेल, तर आधी या. लाइसानी, मोठा श्वास घे.

लाइसानी : कधी टोचणार?

वासिती : टोचली. आता हळूहळू आत सोडतेय. हलू नको. रडायचं असेल तर रड.

लाइसानी : रडण्याइतकं नाहीये… सिस्टर, धप्पकन काय पडलं?

वासिती : वाइसाकेभाऊ.

लाइसानी : सुई मला आणि पडले मामा?

आपेनिसा : अरे देवा. उठू नकोस रे, पडून राहा. सिस्टर, मी आलेलो नाही, पण याचे पाय वर धरतो.

वासिती : धरा. झालं ग, संपलं. बस जरा.

आपेनिसा : खरंच कमी दुखलं का ग?

लाइसानी : सिस्टर, यांना उत्तर देऊ?

वासिती : दे.

लाइसानी : दुखलं. पण पळावंसं नाही वाटलं.

वाइसाके : आपण कुठं आहोत?

आपेनिसा : गप पड. सिस्टर, पुढच्या बोटीने मी घरून यांगोना घेऊन येणार. सोडणार नाही तुम्हाला.

वासिती : या की. तेव्हाही सुईचाच दिवस असेल आणि मी अशीच सुई देत असेन. बघायला चांगली जागा देईन.

आपेनिसा : आणि आता मुख्यालयाला काय सांगू? दिवसभर प्रवास केला आणि पोचलोच नाही?

वासिती : तेच सांगा, खरं आहे. आणि माझी एक विनंतीही पोचवा.

आपेनिसा : रीतसर शब्दांत सांगा. साधं बोललेलं तिथे कोणी ऐकत नाही.

वासिती : रीतसरच सांगते. ‘महोदय, या बेटावरील रुग्ण कुमारी लाइसानी, वय वर्षे अकरा, हिच्या हृदयाची मुख्यालयाच्या आवारात तातडीने बदली करण्यात यावी, जेणेकरून त्यास सर्व सूचना वेळेवर मिळतील. बाकीची मुलगी इथेच राहील. तिची शाळा चालू आहे.’